ऐकू आलेलं ‘थांबा’

पाइपातून केबल ओढणं हे काय काम आहे, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा ओढून बघावं. खाली एक ओढणारा, दोन मजले वर एक सोडणारा. वरचा ‘थांबा’ म्हणाला की खालच्यानं हात जागीच थांबवायचा. बाकी सगळं त्यानंतर.

खाली ओढायला उस्ताद. वरून सोडायला त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे जावईबापू. त्यांना या कामावर उस्तादानंच चिकटवलं होतं. त्या दिवशी टीव्हीच्या सहा केबली एकत्र दोरीला बांधून, साबणाचं पाणी चोपडून एकाच पाइपात घातल्या होत्या. बघायला ठेकेदार आणि त्याची चार माणसं. “एका दमात काढतो बघा!” उस्तादानं फुशारकी मारली.

पाइपाच्या वळणावर केबली अडल्या. वरून हाक आली, “दादा, थांबा! पीळ पडलाय!”

ऐकलं त्यानं. अगदी स्वच्छ ऐकलं. पण चारचौघांत थांबायचं कसं? लावला जोर. आत काहीतरी कचकन दुमडल्याचं हाताला जाणवलं आणि टोकं बाहेर आली. शिवाय टाळ्यासुद्धा पडल्या हो!

आठवडाभरात दोन खोल्यांतल्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. ठेकेदारानं सगळ्या केबली उपसायला लावल्या. वळणाच्या जागी दोन केबली दुमडून चपट्या झाल्या होत्या.

“पीळ घालून सोडल्यास ना?” ठेकेदार जावईबापूंवर उखडला. “उद्यापासून येऊ नकोस.”

बोल की मेल्या! पण उस्तादाच्या तोंडाला कुलूप. जावईबापूंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. “चुकलं साहेब. दादांकडे बघून एवढी वेळ सांभाळून घ्या.”

“उस्तादाच्या शब्दावर ठेवतो,” ठेकेदार म्हणाला, आणि वर उस्तादाचीच पाठ थोपटली. उस्तादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द तरी कुठे टाकला होता त्यानं?

जावईबापू पुन्हा वर गेले आणि लगेच नव्या केबली घालायला घेतल्या. उस्तादानं हातभर ओढलं आणि आपणहून थांबला. “जावईबापू, ओढू का?”

“ओढा.”

पुन्हा हातभर. “ओढू का?”

“काय रे उस्ताद,” ठेकेदार हसला, “आज एका दमात नाही?”

उस्तादाचे कान तापले. दोरी हातात घट्ट धरून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, “त्या दिवशी ते थांबा म्हणाले होते, साहेब. मला ऐकू आलं होतं.”

ठेकेदाराचं हसू मावळलं. मग वरून, पाइपातूनच, आवाज आला, “दादा, ओढा आता.”