चेटकिणीचा डावा गाल

मी भुताखेतांचे सिनेमे काढतो. जुन्या कृष्णधवल भयपटांचं मला वेड आहे. त्यामुळे माझ्या सिनेमात दार करकरणार, मेणबत्ती विझणार आणि धूर इतका सुटणार की कॅमेरामन खोकून बेजार! हे वेड लावलं मावशीनं. तिचा डावा गाल लाँड्रीतल्या वाफेनं भाजला होता, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत कातडी ओढली गेली होती. रस्त्यात लोक वळून वळून बघायचे. थिएटरच्या अंधारात तिच्याकडे कोण बघतंय! म्हणून सुटीच्या दिवशी मला घेऊन ती दुपारचा खेळ गाठायची. पडद्यावर किंकाळी फुटली की मी तिच्या कुशीत तोंड खुपसायचो आणि ती खुदुखुदु हसायची.

या वेळच्या सिनेमात मला चेटकीण हवी होती. मेकअपवाल्या दादांनी विचारलं, "चेहरा कसा हवाय?" मी पेन्सिल घेतली आणि दोन मिनिटांत काढून दिला. वर फुशारकी मारली, "जुन्या सिनेमातलं भूत आहे हे, डोक्यात पक्कं बसलंय." दादांनी रबराचे थर चढवून हुबेहूब उतरवला. सगळे वा वा करत होते आणि मी दीडशहाणा खूश.

पहिल्या खेळाला मावशीला शेजारी बसवलं. चेटकिणीनं मेणबत्ती गालापाशी नेली आणि अख्खं थिएटर किंचाळलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मावशीचाच गाल होता तो, ओठाच्या ओढलेल्या कोपऱ्यासकट. मागून कुणीतरी ओरडलं, "ई, काय घाणेरडी आहे!" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशीनं हळूच गालावर तळहात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशी, तो भाग उद्याच कापून टाकतो. शपथ, मला कळलंच नाही गं."

"कापू नकोस. लोक घाबरले ना? मग झालं तर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण त्या बाईला एवढं रंगवत कशाला बसलात? मला सांगायचंस. मी आले असते की."

टोमणा नव्हता तो. शूटिंगला येऊ का, असं तिनं तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा "तिथे धूळ फार असते" म्हणून मी टाळलं होतं. धूळबीळ काही नव्हती. ही माझी मावशी, असं युनिटसमोर सांगायची मला लाज वाटत होती.