मानेत सुई का पुरी भूल

हिवरखेडले आमच्या हौदापाशी शेवाळावरून घसरली अन् उजव्या हातावर पडली. मनगट असं वाकडं झालं का माह्यानं पायवलं नाई. अकोल्याच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो पाह्यला, मने आपरेशन करून आतून पट्टी बसवा लागते, नाईतं हात सरका होनार नाई.

हाताचं मले तेवढं भेव नव्हतं. भेव भुलीचं होतं. पोट्टी माही आत्ता कुठं बसाले लागलती, आंगावर पेत होती, बाटली तोंडात धरतच नव्हती. अन् मले दमा, लहानपनापासूनचा. कापूस घरात आला का छाती वाजाले लागते. मी झोपली अन् उठलीच नाई तं? डोकशात एवढंच फिरून राह्यलं होतं, अन् त्यानंच जास्त दम लागून राह्यला होता.

मंग भुलीची डॉक्टरीन आली. पोरगीच वाटे. छाती तपासली अन् मने, "ताई, दमा आहे तर पूर्ण भूल टाळू. फक्त हात बधिर करू. मानेजवळ एक सुई द्यायची, तुम्ही जाग्याच राहाल."

सासूनं मागून पदर ओढला. "मानेत घेऊ नको वं सुई."

आमच्याकडे ज्या बाईचं सिझर झालं तिले इच्यारा, कमर दुखते का? दुखते. कायनं? भुलीसाठी कमरेत दिलेल्या सुईनं. अमरावतीची माही मावशी पोछा माराले वाकली का मनते, सुईनं कमर गेली वं माय. माह्यंही या पोट्टीच्या टायमाले सिझर झालं, तवापासून कमर गेलेलीच. मंग कमरेतल्या सुईनं कमर गेली तं मानेतल्या सुईनं काय जाईन? मान! हे तं लहान लेकरूही सांगीन.

मी मनलं, "मले पुरी भूल द्या."

डॉक्टरीन खाटेवर बसली. "दम्याची भीती आहे म्हणता, आणि तरी पूर्ण भूल?"

मी कमरेचं सांगतलं. हासली नाई. मने, बाळंतपणानंतर सुई न घेतलेल्यांचीही कंबर दुखते, लेकरू उचलून, वाकून पाजून. मले वाटलं, हे तं असंच मननार, सुया टोचनारी हेच. मंग तिनं पुऱ्या भुलीचं सांगतलं. घशात नळी जाते, दम्याच्या मानसाची छाती तिथंच आवळू शकते, औषधं असतात, सांभाळता येते, पन टाळता येते तं टाळावं. अन् हात बधिर कराचंही खोटं नाई सांगतलं. कधी नीट लागत नाई, मंग झोपवाच लागते. एखाद्याच्या बोटाले काई दिवस मुंग्या राह्यतात. मी मनात मनलं, इतलं मोकयं सांगून राह्यली तं लपवून काय राह्यली?

आमचे हे मने, "दोन्ही सांगतलं ना त्याईनं. आता तूच ठरव."

"मी काय डॉक्टरकी शिकली काय? नववी नापास हावो मी."

मंग मी तिले पकडाले पाह्यलं. इच्यारलं, "मानेत टोचलं तं श्वास नाई ना अडकनार?"

ते मने, "मानेत दिली तर त्या बाजूचा श्वासाचा पडदा थोडा वेळ ढिला पडू शकतो. तुम्हाला दमा आहे, म्हणून मी काखेत देईन."

"मंग आधी मान काहून सांगतली?"

"सगळ्यांना सांगते तसं बोलून गेले. चुकलं माझं."

डॉक्टर कधी चुकलं मनतात काय? मले अजूनच भेव लागलं. पन सासूले काख पटली. मने, "घे मंग काखेत. काख दुखली तं कोनाले दिसते!"

मी दुधाचं इच्यारलं. मने, पुऱ्या भुलीतही नीट जागं झाल्यावर पाजता येते, पन यात तं बाहेर आल्या आल्या. त्याच्यावर मी हो मनलं.

आतमधी नेताना सोनोग्राफीची मशीन मांगं मांगं आली. आमाले ते मशीन पोटासाठीच मालूम. सासू दारातूनच वरडली, "हातात लेकरू हाये काय वं तिच्या?" सिस्टर तोंडाले रुमाल लावून हासली. आत डॉक्टरीननं पडद्यावर दाखवलं, ही रक्ताची नस, ही हाताची नस, सुई कुठं चालली ते दिसते. मले तं सारा धूरच दिसला.

हात गरम झाला, मंग जड. कापसाचा ओला बोया लावून इच्यारलं, "थंड लागतं?" लागत नव्हतं, तरी मी हो मनलं, आधीच कापतीन या भेवानं. ते मने, "ताई, चिमटा घेऊन किती वेळ झाला, तुम्हाला कळलंच नाही."

मंग पडदा लावला. गिरमिटावानी आवाज येऊन राह्यला होता. कोनाचा तरी हात उचलून धरलेला पडद्यावरून दिसला, मले वाटलं बाजूच्या बाईचा. बाजूले बाई कोनीच नव्हती.

पन मी जागी होती. श्वास जात होता, येत होता.

बाहेर आली तशी पोट्टीले डाव्या बाजूनं घेतलं. ते पेत होती अन् मी रडत होती. उजवा हात झोळीत, मेलेल्यावानी. पोट्टीनं त्याचा आंगठा धरून तोंडात घातला, मले पत्ताच नाई. सिस्टर मने संध्याकायपर्यंत येते. येते मंजे? गेला कुठं होता? नस तं नाई तोडली?

सासूले मनलं, "आत्याबाई, चिमटा घ्या." घेतला. काई नाई. चाय पेल्यावर पुन्हा घेतला. काई नाई. दिवे लागले तवा तिनं असा घेतला का आंगठ्यापासून कोपरापर्यंत आगच गेली.

"आगं माय वं!"

हे धावत आले. मी मनलं, दुखून राह्यलं, लय दुखून राह्यलं, अन् बोटं हालवून दाखवली, उलीशी हालली.

सासूनं दाराकडे पाह्यलं अन् हयूच मने, "बोंबलू नको. त्या डॉक्टरीनले आयकू गेलं तं अजून एक सुई घेऊन येईन."