टेकडीवरचा कांदा
बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला वडाळीच्या जंगलातली मे महिन्यातली ती शर्यत आठवते. सागाच्या वाळक्या पानांवरून पाय घसरत होते. ऊन लागू नये म्हणून आईनं माझ्या खिशात कांदा टाकला होता. शेवटच्या चढावर माझ्यापुढे एकटाच असलेला दर्यापूरचा धावपटू चक्कर येऊन खाली बसला. मी दगडानं कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. त्यानं डोळे उघडले, म्हणाला, "जाय तू पुढं." मी पळालो आणि पहिला आलो. बऱ्याच वेळानं तो चालत आला, उरलेला कांदा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "खिशात ठेव. तुले घरी जा लागते, ऊन लय हाय." चढावर तो 'जाय' म्हणाला म्हणून पुढं गेलो, असं मी आजही सांगतो, खरं तर तो बोलला तेव्हा मी आधीच उठून निघालो होतो.