रऊफ मनियाराचा कान

मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर रऊफ मनियाराचं बांगड्यांचं दुकान आहे. रऊफचा कशावरच विश्वास नाही. नवा माल आला की प्रत्येक गुच्छ कानाशी हलवणार. त्यात एक जरी बांगडी चिरलेली असली, तरी तिचा बद्द आवाज त्याला बरोबर सापडतो. त्याची बायको सितारा तर सांगते, निकाहाच्या बिर्याणीतही यानं खडाच शोधला.

त्याची लेक अनम अकरावीतली. हिवाळ्यापासून पोरगी मिटल्यासारखी झाली. मैत्रिणी सुटल्या, ताट अर्धं राहू लागलं. सितारानं तिला समुपदेशक रीता मॅडमकडे नेलं. मॅडम आठवड्याला तिच्याशी बोलत, आणि त्यांनी घरी करायला फोनवर एक सराव दिला. पडद्यावर दोन चेहरे येतात, एक दुर्मुखलेला, एक साधा. मग दोन्ही पुसले जाऊन एकाच्या जागी ठिपका उरतो. त्यावर झटकन बोट ठेवायचं. ठिपका बहुतेक वेळा साध्या चेहऱ्याच्या जागी येतो. उदास चेहऱ्यात अडकलेली नजर सुटायला शिकावी, हा हेतू. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही मॅडमनी सांगितलं होतं.

तेवढंच रऊफनं धरून ठेवलं. "त्यायलेच भरवसा नाई, तं पोरीले फोन कायले देतात?"

समोरचे कापडवाले खेमचंद अशा वेळी गिऱ्हाईक सोडून येतात. "रऊफभाई, चेहरे कोनाचे हायेत ते पाह्यलं का? घरबसल्या स्थळं दाखवून राह्यले असतीन पोरीले."

झालं. रऊफनं त्याच दुपारी फोन काढून घेतला. अनमनं तो लगेच देऊन टाकला. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुकानात बसून त्यानं स्वतःच सराव सुरू केला, लबाडी पकडायला. पण डोळा जाई तो आंबट तोंडाच्या बुवावर, आणि ठिपका निघे पलीकडे. बोट दर वेळी उशिरा.

"फोनच खोटा हाये," तो म्हणाला.

"मंग तुमी काहून घामेजले?" खेमचंद म्हणाले.

रागानं फोन ठेवून रऊफनं नवा गुच्छ उचलला, कानाशी हलवला. बद्द. चिरलेली एक. तिला काढायला गेलेला हात तसाच थांबला. बाकीच्या सगळ्या किणकिणत होत्या, आणि त्यानं त्या ऐकल्याच नव्हत्या.

घरी येऊन त्यानं अनमला विचारलं, "वर्गात गेली का तुले पह्यले कोन दिसते?"

ती म्हणाली, "जे मायाकडं पाहून तोंड फिरवते, ते."

"बाकीच्या?"

"बाकीच्या दिसतच नाई, अब्बा."

रऊफनं फोन तिच्या हातात ठेवला. पण शेवटी रऊफ तो रऊफच. तेव्हापासून ती सरावाला बसली की हा पहाऱ्याला समोर, कपाळाला आठ्या घालून.

परवा तिनं पडद्यावरून मान वर केली. "अब्बा, तुमी बाजूले बसा. तुमच्या जागी ठिपका कधीच येनार नाई."

सितारा पदरात तोंड खुपसून हसली. रऊफ बाजूला सरकला. पोरगी थट्टा करायला लागली, ही नेमकी कशाची करामत, असा नवा संशय त्याच्या मनात आला. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो रीता मॅडमच्या दारात उभा होता.

"मॅडम, थट्टा बी त्या फोनातच हाये का?"