वटारचे बोलणारे डबे

शनिवारी सकाळी साडेआठला एव्हरशाईन सिटीतल्या घराला कुलूप लावलं. पिशवीत पाण्याची बाटली, बावीस नावांची यादी आणि एका डबीत बावीस गोल चकत्या. तुम्ही मुलं मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात लावून गेलात त्याच, एनएफसीच्या. फोन टेकवला की त्यात भरून ठेवलेला आवाज ऐकू येतो. मी गंमत म्हणून हे वटार गावच्या रेजिनाला फोनवर सांगितलं, तर तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "माझ्याकडे आणशील?"

रेजिना आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. नवरा गेल्यापासून ती वाडीतल्या घरी एकटी राहते. आता तिच्या डोळ्यांचा पडदा बिघडत चाललाय. अक्षर मुळीच लागत नाही. पंधरवड्यापूर्वी तिने कानाचे थेंब डोळ्यात घातले. डोळा वाचला, पण तिचा मुलगा ऑल्विन हबकला. घर बंद करून माझ्या फ्लॅटवर राहायला चल, असं त्याने ठरवूनच टाकलं. शनिवारी दुपारी तो तिला न्यायला येणार होता. म्हणून मी सकाळीच निघाले.

स्टेशनपर्यंत रिक्षा, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून बस. शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन एक भाजीवाली बसली होती. मी डबी उघडून चकत्या मोजायला लागले, तशी ती वाकून बघू लागली.

"टिकल्या काय बाई?"

"नाही हो, डब्यांना लावायच्या आहेत."

"मग बरं. एवढी मोठी टिकली कुठल्या कपाळाला बसायची! जरा पानी द्या."

वटारला उतरल्यावर केळींमधून वाट जाते. कडेने पाट (बागेला पाणी नेणारी चारी) वाहत होता. रेजिना ओट्यावर काच काढलेल्या घड्याळाचे काटे बोटाने चाचपत बसली होती.

"दहा मिनिटं उशीर. मुलांना बाकावर उभं करायचीस, आठवतं का?"

लगेच कामाला लागलो. ऑल्विननेच घेऊन दिलेला तिचा फोन माझ्यासारखाच होता. पहिल्या चकतीसाठी माझ्या आवाजात 'तूरडाळ' भरलं, ती डब्यावर चिकटवली, फोन टेकवला. काही नाही. दुसऱ्या डब्यावर, तिसऱ्यावर, पितळेच्या बरणीवर, काहीच नाही. गोळ्यांच्या चंदेरी पाकिटांवरही नाही. तुम्हाला विचारावं तर तिकडे रात्र.

रेजिनाने हात पुसले. "राहू दे, सुमन. कपाटातून माझे कपडे काढायला मदत कर. खालचा खण."

मी चकत्या सोलून काढायला लागले. एक पोळपाटावर पडली. शेवटचं म्हणून त्यावर फोन टेकवला, आणि पोळपाट माझ्या आवाजात बोलला: "तूरडाळ!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे सगळ्या बरण्या प्लॅस्टिकच्या आणि काचेच्या. हिच्याकडे सगळं स्टीलचं. धातूला चिकटली की चकती मुकी होते.

"म्हणजे मध्ये लाकूड पाहिजे," रेजिना म्हणाली आणि उठून माळ्याखालच्या फडताळातून एक पिशवी घेऊन आली. आत कॅरमच्या सोंगट्या. चकती प्रत्येकीवर बेतल्यासारखी बसली! सोंगटी झाकणाला डकवायची, चकती तिच्या डोक्यावर. पण सोंगट्या भरल्या अठराच.

"चार नावं खोड. मीठ-साखर जिभेला कळतं. हिंग आणि कॉफी नाकाला."

इतकी सुवाच्य यादी खोडताना मला वाईट वाटलं, ते मी बोलले नाही. मग मी बाकीची नावं फोनमध्ये भरू लागले, तर म्हणाली, "बातम्या देतेयस का? आण इकडे." तिने तिच्या घरच्या बोलीत भरलं. मला निम्मंच कळलं. तांदळाच्या डब्यासाठी ती नुसतं नाव सांगून थांबली नाही. तांदूळ कोणाच्या शेतातला, भात किती मोकळा होतो, सगळं सांगितलं. डोळ्याचे आणि कानाचे थेंब दोन वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. डोळ्याच्या डबीवर राणी.

जेवायला तांदळाच्या रोट्या, केळफुलाची भाजी आणि शेवटी सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी). रेजिना जेवली नाही फारशी.

अडीचला ऑल्विन आला, हातात मोठी रिकामी बॅग. "नमस्कार बाई," मला म्हणाला, आणि त्याची नजर फळीवर गेली.

"आई, माझं कॅरम!"

"लग्न करून गेलास तेव्हा मागितलं नाहीस ते."

तो हसला नाही. थेंबांच्या दोन्ही डब्या घेतल्या, पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि टेबलावर ठेवल्या. रेजिनाने फोन चालू केला, सोंगटी चाचपून टेकवला. फोनमधून तिचाच, वर्गात दरडावतानाचा आवाज आला: कानाचे! ती डबी तिने बाजूला सारली. दुसरीला टेकवला, ऐकलं, उघडली, मान वर केली आणि डोळ्यात एक थेंब घातला.

"आणि फोन बंद पडला तर?"

"तर थांबेन. त्या दिवशी अंदाजाने घातले, कारण सकाळपासून शेजारणीला तीनदा हाक मारून झाली होती. चौथ्यांदा लाज वाटली रे."

ऑल्विनने थेंबांच्या दोन्ही डब्या पुन्हा फळीवर ठेवल्या. मग म्हणाला, "महिनाभर बघू. पण रोज सकाळी फोन करायचा."

"मी करतेच. तू उचलत जा."

परत येताना त्याने मला गाडीने सोडलं. वाटेत मी विचार करत होते. असली साधनं वेळ वाचवायला असतात, असं मी समजत होते. रेजिनाला तर डबा ओळखायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणार आहे: फोन शोधा, सोंगटी शोधा, टेकवा, ऐका. पण त्या वेळात तिला कोणापुढे ओशाळं व्हावं लागणार नाही. तुम्ही मुलं दूर आहात म्हणून लिहिते. आम्हाला मदत हवी असते. ती मागण्याची मोजदाद मात्र मनात चालू असते, आणि ती आम्ही तुम्हाला सांगत नाही.

घरापाशी उतरले तेव्हा ऑल्विनने डिकी उघडली. ती मोठी बॅग केळ्यांनी गच्च भरली होती.

"आईचे कपडे न्यायला आणली होती," तो म्हणाला, आणि त्यातली एक फणी काढून माझ्या हातात दिली.