घाण्यावरची चाल

"होसदु हाय बगा! एकदम होसदु!" असं म्हणत ते हातातली नखी जिभेला लावत आणि मांडीवरच्या बुलबुलतरंगाच्या तारा छेडत. होसदु म्हणजे कानडीत नवं. आमच्या मुरुममध्ये निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत चालायचं. पण या माणसाच्या तोंडी हा शब्द आला की दोन्ही भाषांत त्याचा अर्थ 'जुनं' असाच होई.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं होती ती. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. धंद्यानं तेली, लाकडी घाण्यावर करडी गाळायचे. हौस मात्र गाण्याची. बसवण्णाच्या देवळातल्या भजनी मंडळीत कुणी नवं पद आणलं की त्याला चाल लावायचा आणि पुढं खांबाजवळ बसायचा मान अप्पांचा. मी त्याच मंडळीत ढोलकीवर होतो, त्यामुळं त्यांच्या साऱ्या चाली मी वाजवल्या आहेत. खरं म्हणजे एकच वाजवली आहे.

ती सुरुवातीला मोठ्या ऐटीत वर चढायची, जरा घुटमळायची आणि ओळीच्या शेवटी तीन सूर घसरून धपकन खाली बसायची. पद देवाचं असो, पाळण्याचं असो की लग्नातलं, शेवटची बसकण ठरलेली. अप्पा दिसले की गावातली माणसं तोंडानं "डिंग डिंग ढुम" करत. अप्पांना वाटे, आपली चाल लोकांच्या ओठांवर बसली. अशा माणसाला काय सांगणार? तुमच्याही गावात असा एखादा असेलच, आणि तो समोरून आला की तुम्हीही गल्ली बदलत असाल.

एकदा करडी गाळायला घेऊन गेलो आणि सारा उलगडा झाला. झापड बांधलेला बैल गोल फिरत होता. घाण्याच्या आडव्या फळीवर वजनाला दगड ठेवतात, तिथं अप्पा स्वतःच बसले होते आणि मांडीवर बुलबुलतरंग घेऊन चाल बांधत होते. प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी घाणा कुरकुरायचा, फळी खाली दबायची, आणि नेमकी तिथंच अप्पांची चाल बसकण मारायची.

"अप्पा, ही चाल तुमची न्हाय. बैलाची हाय," मी म्हणालो.

"बैलाला काय कळतंय वो गाण्यातलं?"

"तुमच्याइतकं कळतंय की!"

अप्पा खदाखदा हसले. अपमान कळायलाही थोडी अक्कल लागते, असं मनाशी म्हणत मी तेल घेऊन घरी आलो.

त्या वर्षी श्रावणात मंडळीचे म्होरके मल्लप्पा यांच्या मेहुण्यानं सोलापुराहून बाजाची पेटी आणली. मल्लप्पांचं आडतीचं दुकान होतं आणि बोलणंही आडतीवरचंच, एक घाव दोन तुकडे. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "अप्पा, शेवटच्या सोमवारी खरीच नवी चाल आणा. न्हायतर खांबाजवळची जागा पेटीवाल्याला. तुम्ही मागं टाळ घेऊन बसा."

अप्पांचा चेहरा उतरला. घरी बायको नव्हती, लेक आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिलेली. त्या खांबाजवळच्या जागेवाचून त्यांना आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे!

मग सुरू झाले उपाय. पहिला म्हणजे त्यांनी बैल उलटा जुंपला. सुलट फिरून जुनी चाल येते, तर उलट फिरून नवी येईल, हे त्यांचं तर्कशास्त्र. जन्मभर एकाच अंगानं फिरलेला तो बैल दोनचार पावलं गेला आणि मटकन खाली बसला. त्याला अप्पांपेक्षा जास्त समज होती. मग अप्पांनी जुनीच चाल शेवटाकडून सुरुवातीकडं वाजवून दाखवली. आता बसकण आधी आणि ऐट नंतर.

"होसदु हाय का न्हाय?"

"अप्पा, घोंगडी पालथी घातली म्हणून शालू होत न्हाय."

या वेळी ते हसले नाहीत. बोटांकडं बघत म्हणाले, "म्या वरच जायला बगतो वो. बोटंच खाली येत्यात."

"मग घाणा थांबवा," मी म्हणालो. बोलायला आपलं काय जातं? तेल्यानं घाणा थांबवणं म्हणजे चूल विझवणं. पण या माणसानं तो खरंच थांबवला, तोही ऐन सणासुदीत. बैलाची झापड काढून त्याला रानात सोडला आणि करडी घेऊन आलेल्यांना दारातून परत पाठवलं. अप्पांना याड लागलं, असं गाव म्हणालं. मीही म्हणालो. येताजाता दिसायचं, थांबलेल्या फळीवर बसून ते एकेक सूर वाजवत आणि तो विरेपर्यंत कान लावून बसत.

शेवटच्या सोमवारी दुपारी देवळात भजन बसलं. मागं हुग्गी शिजत होती आणि मंडळींचं निम्मं लक्ष त्या खिरीच्या वासात. अप्पा खांबाजवळ बसले. नखी जिभेला लावली, पण 'होसदु' म्हणाले नाहीत.

चाल वर चढली, घुटमळली. मी थापेसाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण चाल खाली आलीच नाही. ती वरच थांबली आणि हलकेच एका वेगळ्याच वाटेनं निघून गेली. हे या माणसानं केलं?

मग मंडळींनी ओळ उचलली. साऱ्यांनी एकमुखानं, गळा काढून, शेवटी जुनी बसकण जोडूनच ती म्हटली. अप्पांनी पुन्हा वाजवली. मंडळी पुन्हा धपकन बसली. तिसऱ्यांदा अप्पा हात वर करून कळवळून म्हणाले, "बसू नका वो, बसू नका!" तर मागचे दोघे खरंच उठून उभे राहिले.

"तीच की वो ही!" मल्लप्पा म्हणाले. "काय नवं हाय हिच्यात? चला, हुग्गी वाढा."

त्या दिवशी माझी तुच्छता तसूभर कमी झाली नाही, फक्त तिचा धनी बदलला. बैलाची झापड सोडली की ती सुटते तरी. या लोकांच्या कानांवरची कोण सोडणार?

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "तुमाला तरी कळली का?"

"कळली अप्पा. होसदु हाय."

ते थोडंसं हसले. बुलबुलतरंग धडप्यात गुंडाळला आणि कुणी सांगायच्या आत खांबाजवळून उठले. पुढं निजामाचं राज्य जाताना गावोगाव धामधूम सुरू झाली, तेव्हा बैल घेऊन ते लेकीकडं गेले. तिकडंच वारले. त्यांची ती चाल पुन्हा कुणी वाजवली नाही.

मी ती त्या एका दुपारीच ऐकली. अजून कधी कधी एकटा असलो की आठवून गुणगुणायला बघतो. ती वर चढते, घुटमळते. पुढं काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी फार जपून सूर धरतो. तरी तीन सूर घसरतात आणि चाल धपकन खाली बसते.