सासूबाईंची कंबर आणि माझा टॉवर

आमच्या घरात माणसांना चार खुर्च्या आहेत आणि कचऱ्याला सहा डबे. इंदूरच्या सुदामा नगरात हे प्रमाण अगदी योग्य मानलं जातं.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी इंदूरला आलो, इथल्याच मराठी मुलीशी, स्मिताशी, लग्न केलं आणि सासूबाईंच्या राज्यात राहू लागलो. कॉलेजात मी एर्गोनॉमिक्स शिकवतो, म्हणजे माणसाच्या शरीराला काम सोपं कसं करावं याचं शास्त्र. माझा लाडका सिद्धांत असा, की पर्यावरणाची सवय टिकायची असेल तर ती अंगाला त्रास न देणारी हवी. सिद्धांत उत्तम आहे. आजही मी त्यावर ठाम आहे. घोळ फक्त तो घरी आणल्यावर झाला.

सासूबाई रोज जेवणं झाली की स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या, सहा डबे भोवती मांडायच्या आणि कचरा निवडायच्या. ओला, सुका, प्लास्टिक, डायपर-पट्ट्या, बॅटऱ्या-औषधं आणि बिघडलेले चार्जर. आपण तांदूळ काय निवडू, अशा एकाग्रतेने! त्यात यंदा कॉलनीच्या समितीने जाहीर केलं, की ज्या घरात एकही मिसळलेली वस्तू सापडणार नाही, त्या घरातल्या बाईचं नाव बगिच्याच्या फाटकावर लागणार. सासूबाईंना ते नाव हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. "सगळं आयुष्य दारावर ह्यांच्याच नावाची पाटी बघितली," त्या म्हणाल्या, "एक बार माझं पण लागू दे ना."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी बनवतो. (हा दोष आमच्या घराण्यात आहे. वडिलांनी याच आवेगात एकदा चिमण्यांसाठी घरटं केलं होतं. त्यात मांजर राहायला आली.)

"आई, तुम्ही इतकं वाकता, कंबरेचं काय होईल? मी तुमच्यासाठी उभ्याने वापरायची सोय करतो."

"जावईबापू, रहने दो ना. मी करून घेते."

"निखिल, यार, आईला विचार तरी आधी!" स्मिता म्हणाली.

विचारायचं काय त्यात? शास्त्र होतं माझ्याकडे! पंधरा दिवस खपून मी टॉवर उभा केला. प्लायवूडची चौकट, लोखंडी पट्ट्या, रबराच्या चकत्या, प्लास्टिकचे सहा डबे तीन मजल्यांत, खाली सहा पायपट्ट्या. पट्टी दाबली की झाकण उघडणार. सगळं गोंदाने असं पक्कं चिकटवलं, की भूकंपात घर पडलं असतं, टॉवर राहिला असता.

मापं मी माझ्या अंगावर घेतली होती. मी सहा फूट. सासूबाई चार फूट दहा इंच.

पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी दाबली, वरचं झाकण उघडलं आणि त्यांना त्या डब्याचा तळ फक्त दिसला. बाहेरून!

"वर काय चाललंय ते मला कसं कळणार, भिया?" (भिया हे इंदुरात प्रेमाने म्हणतात. सासू जावयाला म्हणाली, की समजावं प्रेम संपत आलं.)

मी स्टूल आणलं. त्या स्टुलावर चढल्या, तर पाय पट्टीपर्यंत पोहोचेना. मग स्मिता खाली बसून पट्टी दाबायची आणि सासूबाई वरून कांद्याची सालं टाकायच्या. एका माणसाचं काम आता दोन माणसं आणि एक स्टूल मिळून करत होती. "सवय होईल," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

समिती रविवारी सकाळी आली. वर्मा मॅडम आणि आणखी दोघी. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या. मी पुढे होऊन टॉवरवर छोटंसं व्याख्यान दिलं. मॅडम प्रभावित झाल्या.

"मैं दबाके देखूँ?"

"बिल्कुल!" मी म्हणालो.

त्यांनी पट्टी दाबली. जोरात दाबली. वरच्या दोन मजल्यांवर आदल्या दिवशीचा कचरा गच्च भरलेला होता, तळाच्या मजल्यावर काहीच नव्हतं. टॉवर सावकाश, मानाने, माझ्यासारखाच आत्मविश्वासाने पुढे झुकला आणि फरशीवर आडवा झाला. पोह्यांवर बॅटऱ्या, बॅटऱ्यांवर दुधाच्या पिशव्या, पिशव्यांवर चहापत्ती आणि सगळ्यांवर जिलबीचा पाक! आख्ख्या सुदामा नगरात त्या क्षणी सर्वांत मिसळलेला कचरा आमच्याकडे होता.

सासूबाईंचा चेहरा बघवेना. मला खरोखर रडू आलं.

पण त्यांनी पदर खोचला, पाट ओढला आणि खाली बसल्या. हात भराभर चालू लागले. वर्मा मॅडमनी विचारलं, "माताजी, कमर नहीं दुखती?"

"कमर तो एकदम मस्त है. दुखता है कंधा!" मग माझ्याकडे वळून मराठीत, "कंबर दुखते म्हणून मी कधी म्हटलं? खांदा दुखतो. म्हणूनच खाली बसते ना, हात उचलायला नको. आणि जवळून बघितलं की कचरा वेगवेगळा दिसतो. उभं राहून बघितलं की नुसती घाण दिसते."

पंधरा दिवसांच्या माझ्या मेहनतीत हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. दुखणाऱ्या खांद्याच्या बाईला मी छातीच्या वर हात करायला लावला होता!

अर्ध्या तासात सहा डबे तयार झाले. मॅडम म्हणाल्या, "माताजी को पूरे नंबर. लेकिन घर में एक मिक्स आयटम अभी बाकी है." त्यांनी टॉवरकडे बोट दाखवलं. लाकूड, लोखंड, रबर, प्लास्टिक, सगळं एकमेकांना चिकटलेलं. सहापैकी एकाही डब्यात न जाणारी आमच्या घरातली एकमेव वस्तू मी बनवली होती! "शाम तक अलग कर दो, तो कल बोर्ड."

मग मी पाटावर बसलो. सासूबाई खुर्चीत चहा घेऊन. "रबर इकडे. खिळे तिकडे. आराम से, भिया." दिवेलागणीपर्यंत मी वाकून गोंद खरवडत होतो आणि सहा फुटी माणसाला पाट किती खाली असतो, हे मला एकेका मणक्यातून कळत होतं.

सोमवारी फाटकावर नाव लागलं, 'सौ. शकुंतला'. टाळ्या वाजल्या. सगळे ताठ मानेने वर पाटीकडे बघत होते. मी मात्र कंबरेत काटकोनात, नजर थेट सासूबाईंच्या चपलांवर. वर्मा मॅडम गहिवरल्या. "देखिए, दामाद हो तो ऐसा!" सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

मला सरळ होता येईना, म्हणून त्यांनी तो आणखी दोनदा दिला.